पाव्हण्यांची खुन्नस

सास्तूरच्या पोराची दहावी-बारावीची गुणपत्रिका लातूर बोर्डाची असते. त्याच पोरानं पुढे बी.ए. केलं तर पदवी मिळते छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची. गाडीचा नंबर एमएच २५, म्हणजे धाराशिवचा. लग्नाचा बस्ता बांधायचा तर लातूर नाहीतर सोलापूर. शेजारच्या किल्लारीचं वेगळंच. जिल्हा लातूर, तालुका औसा, गाडी एमएच २४, पदवी नांदेडच्या विद्यापीठाची, पण लोकसभेला मत मात्र धाराशिवच्या खासदाराला, कारण औसा विधानसभा मतदारसंघ त्या लोकसभा मतदारसंघात येतो.

बाहेरच्या माणसाला हा घोळ वाटेल. आम्हाला सवय आहे. सरकारचं प्रत्येक खातं आपापला नकाशा काढतं आणि प्रत्येक नकाशात आमचं गाव वेगळ्या रंगात रंगतं. बहुतेक नकाशांनी रोजच्या जगण्यात फार फरक पडत नाही. एका नकाशानं मात्र पडला. तो विद्यापीठाचा नकाशा. शिक्षणात काय फरक पडला, यावर पुष्कळ लिहून झालंय. कॉलेजच्या मैदानावर काय झालं, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं.

टेक्ससमध्ये काय झालं

विषय नीट कळायला आधी जरा लांबून येऊ. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे गट असतात, त्यांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात. गटातली कॉलेजं दरवर्षी एकमेकांशी खेळतात. कोण कुणाशी खेळणार हे बऱ्याच अंशी गटावर ठरतं, त्यामुळे खुन्नसही गटातच पिकते. टेक्सस विद्यापीठ आणि टेक्सस ए अँड एम यांचा फुटबॉलचा सामना १८९४ पासूनचा. २०१२ मध्ये ए अँड एमनं गट बदलला आणि २०११ च्या नोव्हेंबरातल्या सामन्यानंतर हे दोन संघ तब्बल तेरा वर्षं एकमेकांसमोर आलेच नाहीत. दोन्ही कॉलेजं तिथेच होती, मैदानं तिथेच होती, माणसं एकाच राज्यात राहत होती. गट वेगळे झाले, एवढंच. २०२४ मध्ये टेक्ससही त्याच गटात गेलं आणि सामना परत सुरू झाला.

त्याच वर्षी तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरचा १९१५ पासूनचा बारा जणांचा गट फुटला. दहा कॉलेजं निघून गेली. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही प्रशांत महासागराच्या काठची विद्यापीठं आज अटलांटिकच्या नावाच्या गटात खेळतात. कारण टीव्हीच्या हक्कांचा पैसा. लहान कॉलेजंही गट बदलतात, पण त्यांचा हिशेब साधा असतो: बसचं भाडं किती, मुलं किती, रात्रीत परत येता येतं का.

हा शेवटचा हिशेब उमरगा, लोहारा, औसा, निलंगा इथल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला लगेच कळेल. फरक एवढाच की आपल्याकडे गट म्हणजे विद्यापीठ, आणि तो कॉलेज निवडत नाही. कायद्यात जिल्ह्यांची नावं लिहिलेली असतात. जिल्हा ज्या रकान्यात, कॉलेज त्या रकान्यात.

खुन्नस कशी पिकते

आपल्याकडची शिडी अशी. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आपसात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथली विद्यापीठं असतात. तिथून पुढे अखिल भारतीय स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सवही असतो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ब्लेझर मिळतो, खेळाडू ‘कलर होल्डर’ होतो. गावात त्या ब्लेझरचा रुबाब काय असतो हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यातल्या लग्नातही तो घालून फिरणारे लोक मी पाहिलेत.

या शिडीत कॉलेजचं नाव फक्त पहिल्या पायरीवर असतं. वरच्या सगळ्या पायऱ्यांवर विद्यापीठाचं नाव. म्हणजे एखाद्या लहान कॉलेजनं दुसऱ्या कॉलेजचं उट्टं काढायचं तर जागा एकच: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. दोघं एकाच विद्यापीठात असतील तरच.

खुन्नस पिकायला तीन गोष्टी लागतात. एक, तोच प्रतिस्पर्धी पुन्हापुन्हा समोर यावा. दोन, तो इतका जवळचा असावा की हरल्यावर त्याचं तोंड चुकवता येऊ नये. तीन, दोघांनाही हवी अशी एकच वस्तू असावी. आपल्याकडे ती वस्तू म्हणजे विद्यापीठाच्या संघातल्या बारा जागा. आणि यातच मोठी गंमत आहे. सकाळी ज्याचा पाय धरून लोळवला, संध्याकाळी निवड झाल्यावर त्याच्याच शेजारी एका जर्सीत बसून एसटीनं पुढच्या स्पर्धेला जायचं. विद्यापीठ खुन्नस पेटवायचं आणि त्याच हातानं तिची दोस्तीही करून द्यायचं.

आमच्या घरात याचा जिवंत पुरावा आहे. माझे काका उस्मानाबादच्या बाजूच्या एका कॉलेजकडून कबड्डी खेळायचे, मामा लातूरच्या बाजूच्या. ऐंशीच्या दशकाचा शेवट. दोन्ही कॉलेजं तेव्हा एकाच मराठवाडा विद्यापीठात. एका सामन्यात मामांची शेवटची चढाई. काका म्हणतात, शिट्टी वाजली तेव्हा हात मध्यरेषेच्या अलीकडेच होता. मामा म्हणतात, चार बोटं रेषेवर होती. पुढे सोयरीक झाली, दोघं एकमेकांचे पाव्हणे झाले. आजही लग्नकार्यात पंगत उठली की काका सुरू करतात, “पाव्हणं, हात लागलाच नव्हता.” मामा ताटातला हात तसाच वर धरून दाखवतात. पंचानं काय निकाल दिला होता ते आता दोघांनाही नीट आठवत नाही. त्यानं काही बिघडत नाही. दोन गावांमध्ये बोलायला विषय आहे, हे महत्त्वाचं.

माझ्या पिढीत असे वाद नाहीत. त्याचं कारण १९९४ मध्ये आहे. पण त्याआधीही आपल्या भागानं एकदा गट बदलला होता.

मद्रास, हैदराबाद, औरंगाबाद

हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ झालं. तरी हैदराबाद शहराच्या मध्यावर असलेलं निजाम कॉलेज १९४७ पर्यंत मद्रास विद्यापीठाशी जोडलेलं होतं. ते १८८७ चं, म्हणजे उस्मानियापेक्षा जुनं. त्याच्या पदव्या कित्येक वर्षं शेकडो किलोमीटरवरून येत होत्या, आणि गावातलं नवं विद्यापीठ त्याला परकं होतं. जमिनीवरचं अंतर आणि कागदावरचं अंतर वेगळं असतं, हे कळायला याहून चांगलं उदाहरण नाही.

मराठवाड्याची उच्च शिक्षणाची वाट तेव्हा हैदराबादलाच जायची. औरंगाबाद, गुलबर्गा, वरंगळ ही तीन भाषांची तीन गावं एकाच छत्राखाली होती. पोलीस कारवाईनंतर औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये सुरू केलेलं कॉलेज, म्हणजे पुढचं मिलिंद, तेही सुरुवातीला उस्मानियाशीच संलग्न होतं. नांदेडचं पीपल्स कॉलेजही १९५० चं.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, गुलबर्गा-बिदर म्हैसूर राज्यात गेले, तेलंगण आंध्रात. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. मुंबई विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्यात आले.

उमरग्याहून गुलबर्गा आजही औरंगाबादपेक्षा कितीतरी जवळ आहे. बसवकल्याण, आळंद ही तर शेजारची गावं. कानडी आणि मराठी एका वाक्यात बोलणारी माणसं आमच्याकडे भरपूर आहेत. तरी तिकडच्या आणि इकडच्या कॉलेजांना एकाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरण्याची सोय १९५८ नंतर राहिली नाही. त्याची हळहळ फारशी कुणाला वाटली नाही, कारण तेव्हा या भागात कॉलेजंच मोजकी होती. खुन्नस रुजायच्या आधीच रेघ ओढली गेली. १९९४ ची रेघ मात्र रुजलेल्या रानातून गेली.

राज्यात इतरत्रही असंच घडलं होतं. पुण्याचं फर्ग्युसन १८८५ चं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं. दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची, म्हणजे सख्खी भावंडं. दोन्ही आधी मुंबई विद्यापीठात होती, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठात आली. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि विलिंग्डन तिकडे गेलं. संस्था एक, विद्यापीठं दोन. पुढे २००४ मध्ये सोलापूरला एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं आणि सोलापूर, बार्शी, पंढरपूरची कॉलेजं कोल्हापूरच्या गटातून बाहेर पडली. महाराष्ट्रात नवं विद्यापीठ होतं तेव्हा बातम्या कुलगुरू, इमारत आणि नाव यांच्या येतात. सामन्यांचं वेळापत्रक त्या दिवशी गुपचूप बदलतं.

बारा महिन्यांत दोन धक्के

१५ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. खुन्नसीला हे खरं तर खतच होतं. आधी एका जिल्ह्यातले दोन तालुके होते, आता दोन जिल्हे झाले. ‘आमचं तुमचं’ म्हणायला अधिकृत आधार मिळाला. विद्यापीठ मात्र एकच राहिलं. दयानंद आणि राजर्षी शाहू ही लातूरची कॉलेजं, निलंग्याचं महाराष्ट्र महाविद्यालय, उदगीरची कॉलेजं, उमरग्याचं श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय, मुरूमचं माधवराव पाटील महाविद्यालय अशी सगळी नावं एकाच स्पर्धेच्या पत्रिकेत बसत होती.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांवर सगळ्यात मोठा घाव बसला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. जगानं त्याला लातूरचा भूकंप म्हटलं, महाराष्ट्रानं किल्लारीचा. सास्तूरच्या माणसाला आजही हे कुठेतरी टोचतं. मोजणी दोन जिल्ह्यांची, नाव एकाचं. पण त्या हिवाळ्यात नावासाठी भांडायला कुणाकडे जोर नव्हता. दोन्ही बाजूंची माणसं एकाच पत्र्याच्या शेडखाली राहत होती आणि एकाच रांगेत उभी राहत होती.

पुढचं वर्ष विद्यापीठासाठीही मोठं होतं. १९७८ मध्ये विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, सोळा वर्षं लढा चालला. अखेर १४ जानेवारी १९९४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड, परभणी आणि लातूर हे जिल्हे तिकडे गेले. परभणीतून पुढे १९९९ मध्ये हिंगोली झाला. औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद जुन्या विद्यापीठात राहिले.

म्हणजे भूकंपाला वर्ष पुरं व्हायच्या आत किल्लारीचं पोर नांदेडच्या विद्यापीठात गेलं आणि सास्तूरचं पोर औरंगाबादच्या विद्यापीठात राहिलं. ज्यांच्या घरांवर एकाच रात्री माती पडली, त्यांची कॉलेजं वेगळ्या स्पर्धांत गेली.

तुटलं काय, मिळालं काय

आता हळवं न होता हिशेब मांडू, कारण याची दुसरी बाजू खरी आहे आणि ती वजनदार आहे.

किनवट किंवा उदगीरच्या मुलीला १९९३ मध्ये विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी औरंगाबादला जायचं तर तो अख्ख्या मराठवाड्याचा प्रवास होता. रात्रीचा मुक्काम आला. मुक्काम आला की घरच्यांचा नकार आला. नांदेड जवळ आलं तेव्हा कित्येक मुलींसाठी मैदानही जवळ आलं.

दुसरं, जागा. एक विद्यापीठ म्हणजे कबड्डीचा एक संघ, बारा खेळाडू. दोन विद्यापीठं म्हणजे चोवीस. महाराष्ट्र शासनानं २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण दिलंय. ते राष्ट्रीय-राज्य पातळीवरच्या कामगिरीवर मिळतं, आणि त्या पातळीवर पोचायची एक पायरी विद्यापीठाच्या संघातून जाते. ज्या भागात नोकरी म्हणजे पावसावर न अवलंबणारं एकमेव उत्पन्न, तिथे बारा जास्तीच्या जागा ही फार मोठी गोष्ट आहे. खुन्नस वाचवायला त्या बारा पोरांना घरी बसवा, असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

पण मिळालेलं मोजता येतं आणि गेलेलं मोजता येत नाही, म्हणून गेलंच नाही असं होत नाही. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एका सिस्टिममधला डेटा दुसऱ्या सिस्टिममध्ये हलवताना नोंदी मोजतात. इकडे हजार होत्या, तिकडे हजार पोचल्या, काम फत्ते. पण एका नोंदीचा दुसऱ्या नोंदीशी असलेला दुवा तुटला तर मोजणीत ते दिसत नाही. नोंद जिवंत असते, फक्त ती कुणाशी जोडलेली होती हे हरवतं. १९९४ मध्ये सगळी कॉलेजं सुखरूप पोचली. दुवे तेवढे मागे राहिले.

उमरगा आणि निलंगा, लोहारा आणि औसा, यांच्या पदवीच्या संघांना एकमेकांशी भिडायला अधिकृत जागा उरली नाही. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत किंवा अश्वमेधमध्ये औरंगाबाद आणि नांदेडची विद्यापीठं समोरासमोर येतात, नाही असं नाही. पण तिथे छातीवर विद्यापीठाचं नाव असतं. प्रेक्षकांत लोहाऱ्याचा चहावाला नसतो, वर्गमैत्रिणी नसतात, बैलगाडीतून आलेला बाप नसतो. हरलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात कुणी “काय राव, पडले म्हणं तुमचे” असं विचारत नाही. खुन्नसीतून गाव वजा केलं की उरतो नुसता निकाल.

खुद्द उस्मानाबादच्या वाट्याला वेगळीच कोंडी आली. जुन्या विद्यापीठाचा सगळ्यात दक्षिणेकडचा कोपरा आम्ही. लातूर आमच्या दारात, पण ते दुसऱ्याचं. औरंगाबाद आमचं, पण अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र झालं, त्यानं कागदपत्रांची धावपळ कमी झाली. जुना प्रतिस्पर्धी उपकेंद्रात मिळत नाही.

जे तुटलं नाही

सगळंच तुटलं असं म्हटलं तर खोटं होईल. शालेय क्रीडा स्पर्धांच्या नकाशात लातूर आणि धाराशिव आजही एकाच लातूर विभागात आहेत. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत दोन्ही जिल्ह्यांची पोरंपोरी विभागाच्या तिकिटासाठी एकमेकांना भिडतात. म्हणजे बारावीपर्यंत किल्लारी आणि सास्तूर समोरासमोर येऊ शकतात. एकमेकांचे डाव पाठ होतात, टोपणनावं पडतात, मागच्या वर्षीचं उट्टं बाकी असतं. आणि ऐन रंगात आलेली खुन्नस बी.ए. प्रथम वर्षाच्या प्रवेशाला संपते. एक नांदेडच्या रकान्यात, दुसरा संभाजीनगरच्या.

खो-खोची गोष्ट जास्त आशेची आहे. तिथला कणा जिल्हा संघटनांचा आहे, विद्यापीठाचा नाही. जिल्हा विरुद्ध जिल्हा अशा राज्य स्पर्धा वर्षानुवर्षं चालू राहिल्या, त्यामुळे प्रतिस्पर्धी टिकले आणि त्यांच्याबरोबर दर्जाही टिकला. उस्मानाबादची सारिका काळे २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला दोन दशकांहून जास्त काळ वाट पाहायला लावून. अशी खेळाडू एका मैदानावर एकटी तयार होत नाही. तिला वर्षानुवर्षं कुणीतरी तोडीस तोड पळवावं लागतं.

क्रिकेटमध्ये मोठ्या पातळीवर हेच दिसतं. रणजी करंडकात मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात असल्यामुळे त्यांची गाठ ठरलेली असे. १९४९ च्या मार्चमध्ये पुण्यात दोघांचा जो सामना झाला, त्यात मिळून २३७६ धावा निघाल्या. मुंबईनं ६५१ आणि ७१४, महाराष्ट्रानं ४०७ आणि ६०४. सहाशेच्या वर धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. २००२-०३ च्या हंगामात विभाग मोडून एलिट आणि प्लेट असे गट केले. स्पर्धेचा कस वाढावा हा हेतू होता. पण त्यानंतर मुंबई-महाराष्ट्र ही गाठ दरवर्षी पडेलच असं उरलं नाही. मुंबईच्या क्रिकेटरसिकाला विचारा, त्याला महाराष्ट्राविरुद्धचा सामना कधी होता हे आता शोधावं लागतं. पूर्वी तो सणासारखा येत असे.

एका कॉलेजात दोन विद्यापीठं

माझ्या वाट्यालाही एक गटबदल आला. मी २०१५ मध्ये अभियांत्रिकीला गेलो. २०१७-१८ पासून राज्यातली अनेक खाजगी अभियांत्रिकी कॉलेजं आपापलं स्थानिक विद्यापीठ सोडून लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे वळली. २०१४ च्या कायद्यानं त्या विद्यापीठाला राज्यभरची कॉलेजं संलग्न करून घेता येऊ लागली होती. आमचं कॉलेजही गेलं. इथे निवड होती, आणि ती संस्थाचालकांनी केली. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल यांचा हिशेब झाला असणार.

परिणाम असा की त्या वर्षी एकाच कॅम्पसवर दोन विद्यापीठं नांदत होती. आम्ही जुने विद्यार्थी जुन्या विद्यापीठाचे, नवे आलेले ज्युनियर लोणेऱ्याचे. हॉस्टेलच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी आम्ही एकत्र व्हॉलीबॉल खेळायचो, पण कॉलेजचा एक संघ करून बाहेर पाठवणं जमेना. जुन्या विद्यापीठात आमचे ठरलेले शत्रू होते. ज्युनियरांना आम्ही त्यांची नावं सांगायचो, त्यांना त्यात काही वाटायचं नाही. त्यांच्यासमोर राज्यभरची अभियांत्रिकी कॉलेजं होती, एकेका वर्षापुरती ओळख होणारी.

आणि तरी याच बदलात एक मजा झाली. लातूरच्या बाजूची काही अभियांत्रिकी कॉलेजंही त्याच विद्यापीठात आली. १९९४ मध्ये वेगळी झालेली दोन जिल्ह्यांची पोरं तेवीस वर्षांनी रायगड जिल्ह्यातल्या एका विद्यापीठाच्या नावाखाली पुन्हा एका गटात बसली. कुणी ठरवून केलेलं नाही. नकाशे असेच असतात. एक तोडतो, दुसरा चुकून जोडतो.

सामना कुणाच्या मालकीचा

टेक्ससचा सामना तेरा वर्षांनी परतला, कारण त्यामागे पैसा होता, टीव्ही होता, लाखो माणसांचा दबाव होता. लोहारा विरुद्ध औसा हा कबड्डीचा सामना परत आणायला टीव्ही येणार नाही. पण त्याला टीव्ही लागतही नाही. लागतात दोन क्रीडाशिक्षक, एक दिवस, चुन्याची पोतं आणि एसटीचं भाडं. विद्यापीठ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कुणाशी खेळायची ते ठरवतं. शेजारच्या कॉलेजला निमंत्रण देऊन सामना खेळायला ते कुणाला बांधून ठेवत नाही. निमंत्रितांच्या स्पर्धा आपल्याकडे जत्रेत, जयंतीत, गणपतीत होतच असतात. कॉलेजांनी तोच मार्ग धरला तर १९९४ ची रेघ मैदानापुरती पुसता येईल.

दिवसही शोधावा लागणार नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरला दोन्ही जिल्ह्यांत श्रद्धांजलीचे कार्यक्रम होतात. त्या आठवड्यात एका वर्षी किल्लारीच्या बाजूला आणि एका वर्षी सास्तूरच्या बाजूला दोन्हीकडच्या पोरापोरींचे सामने भरवता येतील. गेलेल्यांची आठवण शांत उभं राहून काढतात, ती काढावीच. पण त्या रात्री जी मुलं गेली ती खेळण्याच्याच वयाची होती. त्यांच्या नावानं कुणी जीव तोडून पळलं तर त्यात अनादर नाही.

धाराशिवला स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी आमच्याकडे अधूनमधून ऐकू येते. झालं तर चांगलंच. मुलांचा प्रवास वाचेल, संघात आणखी जागा निघतील. पण तेव्हा आणखी एक नकाशा काढला जाईल आणि तुळजापूरचं कुठलंतरी कॉलेज बीडच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला मुकेल. म्हणून त्या दिवशी हद्द ठरवणाऱ्यांनी जिल्ह्यांच्या यादीबरोबर आणखी एक यादी मागवावी: कोण कुणाशी खेळत आलंय. एका पानात मावेल. ती यादी जपली तर हद्द कुठूनही गेली तरी चालेल. पुढच्या पिढीतल्या एखाद्या लग्नात पंगत उठल्यावर दोन पाव्हण्यांना भांडायला रेषेवरची चार बोटं तरी शिल्लक राहतील.